नऊपैकी आठ: इंजिनरूममधल्या एका आगीचं प्रकरण

पार्श्वभूमी

जहाजाचं, कंपनीचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, सालही नाही. वेळा मात्र कंट्रोल रूमच्या अलार्म प्रिंटआउटवरून आणि ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतल्या, नोंदवहीवरून घेतल्या आहेत, कारण अशा रात्री माणसाच्या डोक्यातलं घड्याळ भरवशाचं राहत नाही. मी स्वतः ठासून सांगत होतो की अमुक गोष्टीला दोन मिनिटं लागली. प्रिंटआउटवर सात निघाली.

जहाज ५६ हजार टनी बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारं, २०११ च्या सुमारास बांधलेलं. आखातातून चुनखडी भरून आम्ही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराकडे निघालो होतो. सप्टेंबरचा तिसरा आठवडा. पावसाळा ओसरत आला होता, तरी नैऋत्येची लाट अडीच-तीन मीटरची होतीच. घटना घडली तेव्हा आम्ही रत्नागिरीच्या पश्चिमेला साधारण १४० सागरी मैलांवर होतो.

जहाजावर एकूण २१ माणसं, त्यातली नऊ इंजिनची. मी चीफ इंजिनिअर, म्हणजे आपल्या जहाजांवरच्या बोलीत बडा साब. माझ्या हाताखाली सेकंड साब, तीन साब, चार साब, विजेचं काम बघणारा बत्ती साब, एक फिटर, दोन ऑइलर आणि एक वायपर. ऑइलरांपैकी एक गुहागरकडचा. त्याचे वडील आणि आजोबाही जहाजावरच होते, त्यामुळे तो स्वतःला अजून तेलवालाच म्हणवतो. तीन साब जहाजावर चढून ११ दिवस झाले होते.

रात्री या जहाजाच्या इंजिनरूममध्ये कुणी नसतं. काही बिघडलं तर ड्यूटीवरच्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो आणि तो एकटा खाली उतरतो. उतरताना डेड मॅन अलार्म चालू करायचा आणि ठरावीक वेळाने बटण दाबत राहायचं. दाबलं नाही तर बाकीच्यांना उठवणारा अलार्म वाजतो.

आता थोडं पाइपांबद्दल, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. जहाजावर तीन जनरेटर. भर समुद्रात एक पुरतो. त्या रात्री दोन नंबरचा चालू होता. पण तिघांना इंधन एकाच लाइनने जातं. पंप सहा-सात बार दाबाने तेल फिरवत राहतो, ते प्रत्येक इंजिनाजवळून जातं आणि उरलेलं परत येतं. इंजिन बंद केलं म्हणून त्याच्या पाइपातलं तेल थांबत नाही. थांबवायचं तर त्या इंजिनाचे आयसोलेटिंग व्हॉल्व बंद करावे लागतात. सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात यासाठी स्पष्ट नियम आहे: एका इंजिनाचं इंधन दुसऱ्याला धक्का न लावता तोडता आलं पाहिजे, आणि तेही आग लागलेल्या इंजिनामुळे पोचता येणार नाही अशा जागेवरून नव्हे. आमच्याकडे ते व्हॉल्व होते. जनरेटर प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाला, जमिनीलगत. त्यांच्यावरच्या पाट्या मागच्या ड्रायडॉकमध्ये रंगाखाली गेल्या होत्या.

आणखी एक. दोन दिवसांपूर्वी दोन नंबरच्या एक्झॉस्टची गॅस्केट बदलली होती. टर्बोचार्जरच्या तोंडाजवळचा लॅगिंगचा, म्हणजे उष्णतारोधक वेष्टणाचा, एक तुकडा, जेवणाच्या ताटाएवढा, काढताना फाटला. फिटर नवा शिवणार होता. २२० अंशांवर तापणारा पृष्ठभाग, ज्यावर गळतं तेल पेटू शकतं, तो झाकलेला हवा. तिथे तर आतून ४०० अंशांच्या वरचा धूर वाहतो. तो उघडा चौकोन मी रविवारी संध्याकाळी स्वतः पाहिला आणि फिटरला म्हणालो, "उद्या सकाळी पहिलं काम हे."

घटना

०२:१७ ला तीन साबच्या केबिनमध्ये अलार्म वाजला: दोन नंबर जनरेटर, इंधन दाब कमी. तो उतरला. तो कंट्रोल रूममध्ये पोचेपर्यंत एक नंबर जनरेटर आपोआप चालू होऊन लाइनवर आला होता. त्याने काचेतून पाहिलं तर दोन नंबरच्या डोक्यावर पांढरी वाफ. ही वाफ म्हणजे तेलाचा तुषार होता. इंधन परत नेणाऱ्या कमी दाबाच्या पाइपाच्या फ्लॅंजचा एक बोल्ट थरथरीने तुटला होता. जास्त दाबाच्या पाइपांना बाहेरून दुसरं आवरण असतं आणि गळती झाली तर अलार्म होतो. कमी दाबाच्या पाइपाला यातलं काही नसतं. पण इंधन पंपाचे ठोके त्या पाइपालाही सतत बसत असतात, हे आपण विसरतो.

तीन साबने दोन नंबर बंद केला. बरोबर केलं. तेल पडतच राहिलं, कारण एक नंबरसाठी पंप फिरत होता. ०२:२० ला तुषार त्या उघड्या चौकोनावर पेटला. त्याने फायर अलार्मचं बटण दाबलं, ब्रिजला फोन केला. त्याचं वय २६, जहाजावर ११ दिवस, आणि समोर आग. त्याने जे केलं त्यात मला आजही खोट काढता येत नाही. व्हॉल्व कुठे आहेत हे त्याला माहीत असतं तर ०२:१८ ला वीस सेकंदांत काम झालं असतं. ते त्याला दाखवण्याची जबाबदारी त्याची नव्हती.

०२:२१ ला जनरेटरवरची पाण्याच्या फवाऱ्याची यंत्रणा आपोआप सुटली. ज्वाळा दबली, पण विझली नाही. टर्बोचार्जरच्या आडोशाला जळत राहिली आणि फवारा थोडा इकडेतिकडे झाला की पुन्हा उसळायची.

अडचण

मी ०२:२४ ला राहत्या भागाकडून कंट्रोल रूमच्या दाराशी पोचलो. सेकंड साब माझ्या आधी आला होता, चार साब माझ्या मागोमाग.

पेच असा होता. पाण्याचा फवारा मुख्य विजेवर चालत होता. मुख्य वीज एक नंबर जनरेटरवर. एक नंबरचं तेल ज्या लाइनमधून येत होतं, तीच लाइन दोन नंबरवरच्या आगीला तेल पाजत होती. म्हणजे आगीवर पाणी हवं तर आगीला तेलही द्यायचं, आणि तेल तोडायचं तर पाणी, दिवे, स्टिअरिंग सगळं आपल्याच हाताने बंद करायचं. लाट आडवी लागलेल्या भरल्या जहाजावर, रात्री अडीच वाजता, आपणहून अंधार करायचा हे सांगायला सोपं आहे.

समोरचे पर्याय

सेकंड साब केरळचा, त्या जहाजावर त्याची दुसरी खेप. व्हॉल्व त्याला डोळे मिटून सापडले असते. तो म्हणाला, "बडा साब, मैं जाके बंद करके आता हूँ. एक मिनट." त्याच्या अंगात बॉयलर सूट होता आणि हातात टॉर्च. बी.ए. सेट (हवेच्या बाटलीचा श्वसनसंच) चढवून दुसरा माणूस सोबत घेऊन जायचं तर किमान पाच मिनिटं. व्हॉल्व आगीपासून सहा-सात मीटरवर, आणि पंख्यांचा वारा धूर मागच्या बाजूला ढकलत होता. म्हणजे त्याचा हिशेब वेडेपणाचा नव्हता.

दुसरा पर्याय, होज घेऊन दोन टीम आत घालणं. डेकचे लोक सराव केलेले होते, पण तेल चालू असताना पाण्याच्या होजने ही आग पसरण्याचीच शक्यता जास्त. हा मी फार वेळ डोक्यात ठेवला नाही.

तिसरा: सगळ्यांना बाहेर काढायचं, टाक्यांमधलं इंधन बाहेरून तोडणारे क्विक क्लोजिंग व्हॉल्व ओढायचे, पंप आणि पंखे इमर्जन्सी स्टॉपने बंद करायचे, हवेच्या वाटांचे फ्लॅप लावायचे आणि सीओटू, म्हणजे आग गुदमरवणारा कार्बन डायऑक्साइड, सोडायचा. सीओटू एकदाच मिळतो. आमच्या बॅंकेत ४५ किलोच्या ८२ बाटल्या होत्या. एक किलोचा साधारण ०.५६ घनमीटर वायू होतो, त्या हिशेबाने इंजिनरूमच्या घनफळाच्या ४० टक्के. ८५ टक्के वायू दोन मिनिटांत आत गेला पाहिजे असा नियम आहे. तो आत गेला की आत माणूस जगत नाही, आणि तो फुकट गेला तर हातात दुसरं काही राहत नाही.

पहिला निर्णय

मी सेकंड साबला नाही म्हणालो. त्यावर नंतर दोन मतं पडली. कंपनीच्या एका जुन्या सुपरिंटेंडंटचं म्हणणं, मी त्याला जाऊ दिलं असतं तर जहाज सकाळी चहाच्या वेळेला चालत असतं. असेलही. पण त्या क्षणी कंट्रोल रूमच्या काचेतून दोन नंबर दिसत नव्हता, धुराची भिंतच दिसत होती, आणि इंजिन विभागातला सगळ्यात जाणता माणूस मी तिच्यात बिनहवेचा पाठवणार होतो. तो परत आला नसता तर पुढच्या प्रत्येक निर्णयाला मला त्याची जागा भरून काढावी लागली असती आणि शिवाय त्याला शोधायलाही दोघांना पाठवावं लागलं असतं. नऊ माणसांच्या विभागात एक बेपत्ता झाला की तीन कमी होतात.

०२:२८ ला मी कॅप्टनना सांगितलं: मेन इंजिन थांबवा, मी तीन मिनिटांत सगळं बंद करतोय. त्यांनी एकच विचारलं, "इमर्जन्सी जनरेटर येईल ना?" मी म्हणालो, येईल.

०२:३१ ला अंधार.

इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांत लोडवर यायला हवा. त्याचा आवाज आला, दिवे आले नाहीत. बॅटरीचे मिणमिणते दिवे तेवढे होते. इमर्जन्सी फायर पंपही त्याच विजेवर, म्हणजे त्या वेळी जहाजावर पाण्याचा थेंब नव्हता. ही तीन मिनिटं मला त्या सबंध रात्रीतली सगळ्यात लांब वाटली. आगीसमोर उभं असतानाही एवढं काही वाटलं नव्हतं.

०२:३४ ला दिवे लागले. मला वाटलं, उशिरा का होईना, आला. तो कसा आला हे विचारायला मला फुरसत नव्हती, आणि चूक तिथेच झाली.

हजेरी

मस्टरची, म्हणजे हजेरीला जमण्याची, जागा मागच्या डेकवर डाव्या बाजूला. ०२:३६ पर्यंत फ्लॅप लागले, सीओटूच्या खोलीची किल्ली चीफ ऑफिसरच्या हातात. मी नावं पुकारली. सेकंड, तीन साब, बत्ती साब, फिटर, दोन्ही ऑइलर, वायपर, मी. आठ. चार साब नाही.

रेडिओवर कॅप्टन: "चीफ, सोडायचा का?"

"नको. चार साब नाहीये."

सीओटू सोडण्याचा अंतिम हुकूम कॅप्टनचा असतो. आमच्या कॅप्टननी मला दुसऱ्यांदा विचारलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण फनेलच्या, म्हणजे धुराड्याच्या, बाजूचा रंग फुगायला लागला होता आणि सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, पत्र्यावर पाणी मारता मारता दर मिनिटाला माझ्याकडे बघत होता.

चार साबला शेवटचं पाहिलं होतं ते सेकंड साबने, कंट्रोल रूमच्या दाराशी, अंधार होण्याआधी. त्यामुळे आम्हा दोघांच्या मनात एकच चित्र आलं: पोरगा आत गेला. तो सांगलीकडचा, २४ वर्षांचा, कामाला पुढे आणि बोलायला मागे. त्याचा रेडिओ केबिनमध्ये चार्जिंगला होता. सेकंड साब आणि बत्ती साब बी.ए. सेट चढवायला लागले. खालच्या एस्केप ट्रंकमधून, म्हणजे सुटकेच्या उभ्या बोगद्यातून, आत शिरायचं ठरलं. मी तयार नव्हतो, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

०२:४३ ला, ते दोघे ट्रंकच्या झाकणाशी असताना, डेक कॅडेट धावत आला. इमर्जन्सी जनरेटरच्या टाकीत तेल किती आहे बघायला कॅप्टननी त्याला पाठवलं होतं. चार साब तिथे होता. दार बंद, आत इंजिनाचा कल्लोळ, घोषणा ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. रेडिएटरसमोरचा हवेचा झडप-पडदा उघडा राहत नव्हता म्हणून तो तारेने बांधत बसला होता.

झालं होतं असं. शनिवारी इमर्जन्सी जनरेटरची चाचणी त्यानेच घेतली होती. नंतर निवडीचा स्विच मॅन्युअलवरून ऑटोवर फिरवायचा राहून गेला. अंधार झाला, आवाज आला, दिवे आले नाहीत, आणि त्याच्या पोटात गोळा आला. तो कुणाला न सांगता वर धावला आणि ब्रेकर हाताने लावला. त्याच्यामुळे आम्हाला दिवे मिळाले, फायर पंप मिळाला. त्याच्यामुळेच सीओटू तेरा मिनिटं अडला.

आणि त्याहून मला टोचलेली गोष्ट अशी. गुहागरच्या तेलवाल्याने त्याला जिना चढताना पाहिलं होतं. मस्टरला तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता. नंतर विचारलं तर म्हणाला, "मला वाटला तुम्हीच धाडलात. बडा साब पुकारतायत तर त्यांका माहीत असणारच, काहीतरी कारण असेल." मी नावं पुकारली होती. "याला कुणी पाहिलंय का?" हे विचारलंच नव्हतं. मी आणि सेकंड साब एकमेकांशी बोलून मोकळे झालो. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस शेजारी होता आणि हुद्द्यांच्या मधल्या पायऱ्यांमुळे त्याच्याकडची एक ओळ माझ्यापर्यंत आली नाही.

पुन्हा मोजणी केली, एकदा नावाने, एकदा आकड्याने. २१. बी.ए. टीम मागे आली. ०२:४९ ला सीओटू सोडला. पाइपाला शिटी लागली, वरून पांढरं दव धरलं आणि मग शांत. फनेलच्या एका लूव्हरमधून धूर येत राहिला. त्याचा फ्लॅप गंजून अर्धवट बसला होता. सारंगाने ओली ताडपत्री ठासून ती फट बुजवली. हे कुठल्याच अहवालात नीट आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

वाट पाहण्याचा निर्णय

यापुढे आग नव्हती, तरी मला वाटतं इंजिन विभाग चालवणं म्हणजे काय ते याच तासांत कळलं.

०५:०० वाजता मी चौघांना झोपायला पाठवलं: सेकंड साब, फिटर, तीन साब आणि वायपर. सेकंड साब भांडला. पण आत पहिल्यांदा शिरायचं तेव्हा तो आणि फिटर हवे होते, आणि ते ताजे हवे होते. आदल्या दोन दिवसांत सगळ्यांनी गॅस्केटच्या कामात हाडं मोडली होती. विश्रांतीच्या तासांचे तक्ते आमच्याकडे स्वच्छ होते, रोजचे दहा तास भरलेले. सर्व्हेअरने ते पाहिले आणि काही म्हणाला नाही. मीही काही म्हणालो नाही.

०९:०० ला ऑफिसचा फोन. आत कधी शिरणार? इंजिन कधी चालू? मी आणि कॅप्टननी मिळून हिशेब मांडला. जहाज ताशी साधारण एका मैलाने किनाऱ्याकडे सरकत होतं. किनारा १४० मैल. म्हणजे किमान पाच दिवस हातात. मुंबईच्या सागरी बचाव केंद्राला आम्ही पहाटेच कळवलं होतं. चुनखडी जागची हलत नव्हती. जहाज वाईट डोलत होतं, स्वयंपाकघरातली भांडी आणि आमची पोटं दोन्ही ढवळत होती, पण ते काही दार उघडण्याचं कारण नव्हे. लवकर उघडलं तर हवा आत जाते, तापलेलं लोखंड आणि तेल पुन्हा पेटतं, आणि बाटल्या रिकाम्या.

एकच गोष्ट घाई करायला लावत होती. इमर्जन्सी जनरेटरच्या टाकीत १८ तास पुरेल एवढं तेल ठेवण्याचा नियम आहे. पूर्ण लोडवर ते तेवढंच पुरतं. बत्ती साबने एकेक ब्रेकर उघडून लोड निम्म्यावर आणला. फायर पंप हवा तेव्हाच. गॅली बंद, चहा नाही. दर अर्ध्या तासाला तेलवाला आणि जागा असलेला आणखी एक जण केसिंगच्या, म्हणजे इंजिनरूमवरच्या पत्र्याच्या भिंतींच्या, ठरलेल्या आठ खुणांवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरत आणि खडूने तिथेच आकडा लिहीत. ०३:३० ला सगळ्यात तापलेली खूण ९६ अंश होती, दुपारी १२ ला ४७, आणि ३ नंतर ती आजूबाजूच्या पत्र्याइतकीच राहिली. त्यानंतरही दोन तास थांबलो.

१७:३० ला सेकंड साब आणि फिटर बी.ए. लावून, दोर बांधून वरून शिरले. बाहेर भरलेला होज, दाराशी वेळ मोजायला वायपर. त्याला मी एकच काम दिलं होतं: कोण आत गेलं, किती वाजता, सिलिंडरमध्ये किती दाब. ते त्याने पाटीवर इतक्या नीट लिहिलं की पुढे चौकशीत तीच पाटी कामी आली. प्लेटखाली एक जागा अजून धुमसत होती, तिच्यावर फोम मारला. मग इमर्जन्सी बोर्डावर असलेला एक पंखा लावला. सीओटू जड, तळाशी बसतो, म्हणून बिल्जपर्यंत, म्हणजे अगदी तळापर्यंत, तीन मजल्यांवर ऑक्सिजन २०.९ टक्के मिळाल्यावरच, रात्री १० वाजता, बाकीच्यांना आत सोडलं.

परिणाम

माणूस कुणी गेला नाही. सेकंड साबच्या घशाला धूर लागला होता, दिवसभर ऑक्सिजन दिला. दोन नंबर जनरेटर जळाला. त्याच्यावरून जाणारे एक नंबरचे केबल गेले, मेन इंजिनाच्या रिमोट कंट्रोलचेही. तीन नंबर दुसऱ्या बाजूला असल्याने वाचला. इमर्जन्सी कॉम्प्रेसरने हवा भरून आगीनंतर ३१ तासांनी तो चालू केला. मेन इंजिन जागेवरून हाताने चालवता आलं असतं, पण क्लास (जहाजाची तांत्रिक तपासणी करणारी संस्था) आणि कंपनीने टगचा निर्णय घेतला. मला तो पटला. तिसऱ्या दिवशी टग आला.

एक नंबरचे केबल ०२:३६ ला सीओटू सुटला असता तर वाचले असते का? सर्व्हेअरच्या मते बहुतेक हो. म्हणजे हजेरीतल्या एका माणसाची किंमत कंपनीने केबलमध्ये मोजली. त्या माहितीवर मी पुन्हा थांबेन. मात्र ती माहिती तेवढीच असायला नको होती.

वेगळं काय करता आलं असतं

लॅगिंगबद्दल लांबण लावत नाही. दोन नंबर बंद ठेवून रात्रभर एक नंबर चालवायचा, एवढं साधं होतं. मी ते केलं नाही.

व्हॉल्वचं जरा सविस्तर. आमच्याकडे नव्या माणसाला जहाज दाखवण्याची यादी होती, तीन साबची सही तिच्यावर होती. यादीत "इंधन प्रणाली" असं लिहिलेलं होतं. त्याला ती दाखवली ती कागदावर, रेषांमध्ये. आता मी नव्या इंजिनिअरला पहिल्या दोन दिवसांत खाली नेतो आणि म्हणतो: डोळ्यांवर फडकं बांध, प्रत्येक जनरेटरचं तेल तोडून दाखव. व्हॉल्वचे हँडल लाल रंगवले आहेत आणि पाट्या पितळेच्या, कोरलेल्या; रंग चढला तरी बोटाला लागतात.

इमर्जन्सी जनरेटरची चाचणी करणारा आणि स्विच परत ऑटोवर असल्याचं बघणारा, हे दोन वेगळे लोक असतात. दुसरा माणूस चाचणीच्या वेळी तिथे नसलेला हवा. दोघं सोबत असले की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने पाहिलं.

चार साबला काय म्हणायचं, यावर मी बरेच दिवस अडलो. ऑफिसला त्याच्यावर काही कारवाई हवी होती, स्विचसाठी. मी लिहून दिलं की चाचणीच्या नोंदीवर माझी सही आहे. त्याला मी एवढंच विचारलं की सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, "सर, मीच ठेवला होता तो मॅन्युअलवर. सांगायला लाज वाटली, आणि तेवढ्यात करून येऊ असं वाटलं." यात मला दोष द्यावासा वाटला तो माझ्या विभागाच्या हवेला. त्याला लाज वाटावी अशी ती मी ठेवली होती. आदल्याच आठवड्यात एका विसरलेल्या गेज कॉकवरून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं.

ड्रिलमध्ये बदल केला तो असा. दुरुस्तीनंतर पहिल्या फायर ड्रिलला मी कॅप्टनना सांगून एक माणूस लपवला. हजेरी घेताना नावं पुकारायची नाहीत. ज्याने त्याने आपल्या शेजारच्याला शेवटचं कुठे पाहिलं ते मोठ्याने सांगायचं, वायपरपासून सुरुवात, बडा साब शेवटी. पहिल्या वेळी लपलेला ऑइलर सापडायला ११ मिनिटं लागली. दुसऱ्या महिन्यात चार. तिसऱ्या वेळी मी फिटरला स्टोअरमध्ये बसवून आलो, मस्टरला पोचलो, आणि घड्याळ लावायच्या आत वायपर म्हणाला, "बडा साब, फिटरला तुम्हीच स्टोअरमधे कोंडून आलाय, मी बघितलं."